जुन्या जीपचा वेगमापक : बिघाड ओळखण्याची पद्धती

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या घरी अद्यापही जुन्या जीप गाड्या वापरात आहेत. बियाणे व खते शिवारात नेणे, तूर व सोयाबीनची पोती बाजार समितीत पोहोचविणे, आजारी माणसास तालुक्याच्या गावी नेणे ही सर्व कामे या गाड्या करतात. गाडीचे इंजिन, ब्रेक व टायर यांकडे मालकाचे लक्ष असते. समोरच्या तबकडीवरील वेगमापकाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. काटा बंद पडला तरी गाडी चालते, मग त्यावर खर्च कशासाठी करावा, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज नुकसानकारक आहे. हे नुकसान कोणते, बिघाड कोणत्या क्रमाने शोधावा आणि त्यातील कोणते काम घरी करता येते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

जीप गावात आली ती अशी

मुंबईत विलीज जातीच्या जीप जुळविण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता व लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. विकास गटाच्या अंदाजपत्रकात जीपची तरतूद असे. कच्च्या रस्त्यांवरून गावोगाव जाणारे पहिले मोटार वाहन म्हणून पुष्कळ खेड्यांना जीपची ओळख झाली ती अशी. पुढे शेतकऱ्यांनीही जीप व तिच्या धर्तीवरील कमांडरसारख्या गाड्या घेतल्या. शासकीय कामातील १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला. त्यामुळे खरी जुनी जीप आज पाहावयाची तर ती बहुधा शेतकऱ्याच्या अंगणातच पाहावी लागते. या गाड्यांचे वेगमापक विजेवर चालणारे नाहीत, ते तारेने फिरणारे आहेत. म्हणूनच त्यांचा बिघाड डोळ्यांनी पाहून व हातांनी चाचपून शोधता येतो.

नुकसान कोठे होते

वेगमापकात दोन मापे असतात. काटा त्या क्षणाचा वेग दाखवितो. काट्याखालील चौकटीत सरकणारे आकडे गाडी एकंदर किती अंतर चालली ते दाखवितात. काटा चुकला तर धोका जिवाला असतो. बालाघाटच्या उतारावर भरलेली गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता काटा ५० दाखवीत असेल, तर चालक निर्धास्त राहतो आणि ब्रेक लावण्यास उशीर करतो. आकडे चुकले तर धोका हिशेबाला असतो. तेल बदलण्याची वेळ निघून जाते, भाड्याच्या अंतरावरून वाद होतो आणि इंधनाचा ताळमेळ बसत नाही.

एक उदाहरण घ्यावे. समजा, एका जीपला १०० लिटर डिझेल लागले आणि तेवढ्यात आकडे ९४० किलोमीटरने पुढे सरकले. मालकाच्या हिशेबाने गाडी लिटरला ९.४ किलोमीटर चालली. पूर्वी ती १० चालत असे. मालकाचा पहिला संशय चालकावर जातो. प्रत्यक्षात गाडी १,००० किलोमीटर चाललेली असून मीटर शेकडा ६ कमी दाखवीत असेल, तर डिझेल कोणीही काढलेले नाही. अशा वेळी अनेक वर्षे इमानाने काम केलेला माणूस विनाकारण दुखावला जातो. म्हणून माणसावर संशय घेण्यापूर्वी मीटर तपासावे, हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

रचना समजून घ्यावी

गाडीच्या मागील चाकांकडे जाणारा दांडा जेथून निघतो, तेथे एक लहान दंतचक्र बसविलेले असते. कारागीर त्यास पिनियन म्हणतात. जीपमध्ये ते चार चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जोडपेटीच्या मागील बाजूस असते. मोटारीत ते गिअरबॉक्सच्या शेपटाशी असते. या पिनियनमध्ये केबलचे एक टोक बसते. केबल म्हणजे पीळ देऊन विणलेली लवचीक तार. तिची दोन्ही टोके चौकोनी असतात व तिच्यावर एक न फिरणारे आवरण असते. चाके फिरली की पिनियन फिरते, त्याबरोबर आतील तार फिरते आणि तारेचे वरचे टोक मीटरमधील दांडी फिरविते.

या दांडीवर एक चुंबक बसविलेला असतो. चुंबकाभोवती अल्युमिनियमची एक हलकी वाटी असून ती चुंबकास कोठेही टेकत नाही. चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे सूक्ष्म भोवरे उत्पन्न होतात व वाटीही त्याच दिशेने ओढली जाते. डेऱ्यात रवी फिरू लागली म्हणजे डेराही तिच्यामागे फिरू पाहतो. त्यास हाताने धरून ठेवावे लागते. मीटरमध्ये हे धरून ठेवण्याचे काम केसासारखी बारीक कमान करते. वेग जितका अधिक, तितकी ओढ अधिक. ओढ व कमानीचा ताण जेथे समान होतात तेथे वाटी थांबते आणि वाटीच्या आसावर बसविलेला काटा तो वेग दाखवितो. या तत्त्वावरील वेगमापकाचे एकस्व जर्मनीतील ऑटो शुल्झे यांनी १९०२ साली घेतले. त्यानंतर अनेक दशके जगातील बहुतेक मोटारींत हीच रचना वापरली गेली.

अंतर दाखविणारे आकडे मात्र चुंबकावर अवलंबून नसतात. त्याच दांडीवरील पेचदार दात लहान चक्रे फिरवितात व ती चक्रे आकड्यांची चाके पुढे सरकवितात. म्हणजे काटा व आकडे यांना चालविणारी तार एकच आहे, परंतु त्यांचे पुढील मार्ग निराळे आहेत. बिघाड शोधण्याची किल्ली हीच आहे. एकाच रस्त्याने आलेल्या दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहाव्या, म्हणजे दोष कोठे आहे ते कळते.

लक्षणे व त्यांचा अर्थ

प्रथम गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवावी. निरीक्षण दुसऱ्या माणसाने करावे. चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी. जे दिसेल ते कागदावर लिहावे.

१. काटा व आकडे दोन्ही बंद असल्यास दोष मीटरच्या खाली आहे असे प्रथम समजावे. तार तुटली असेल, तिचा आटा सुटला असेल किंवा पिनियन झिजले असेल.

२. काटा बंद, परंतु आकडे चालू असल्यास तार चांगली आहे. दोष मीटरमधील काटा, वाटी अथवा कमान यांत आहे.

३. काटा चालू, परंतु आकडे बंद असल्यासही तार चांगली आहे. आकडे सरकविणाऱ्या लहान चक्राचा दात तुटला असावा. जुन्या मीटरांत हा दोष पुष्कळदा आढळतो.

४. काटा थरथरत असल्यास, विशेषतः कमी वेगात तो पुढेमागे झोके घेत असल्यास, तार कोरडी पडली आहे, मुरगळली आहे किंवा आवरणास तीव्र वळण पडले आहे. तबकडीमागून टकटक किंवा किरकिर असा आवाज येणे हे याच दोषाचे लक्षण होय.

५. काटा एकाएकी शेवटच्या आकड्यावर जाऊन बसत असल्यास किंवा गाडी थांबल्यावर शून्यावर येत नसल्यास वाटीत तेल, ग्रीस अथवा कचरा शिरला आहे किंवा कमान बिघडली आहे. अशा वेळी गाडी तशीच चालवीत राहिल्यास तारही तुटते.

६. काटा व आकडे दोन्ही चालू, परंतु दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकीचे असल्यास मीटर निर्दोष असण्याचा संभव अधिक. टायरचा आकार बदलला असेल किंवा त्या गाडीचे नसलेले पिनियन अगर मीटर बसविले गेले असेल.

७. आकडे बरोबर, परंतु काटा चुकीचा असल्यास दोष मीटरमध्ये आहे. चुंबक क्षीण झाल्यास काटा कमी दाखवितो. कमान सैल झाल्यास तो अधिक दाखवितो.

शेवटच्या दोन लक्षणांतील फरक ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. काटा ४० वर स्थिर ठेवून गाडी चालवावी आणि मीटरवरील आकड्यांप्रमाणे एक किलोमीटर होण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. ९० सेकंद लागल्यास काटा व आकडे यांचा मेळ आहे. अधिक किंवा कमी लागल्यास दोघांपैकी एक साक्षीदार चुकीचे सांगत आहे. तो कोणता, हे रस्त्यावरील दगडांवरून ठरते.

दगडांवरून पडताळणी

नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या मार्गाने राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो. अशा मार्गांवर दर किलोमीटरास दगड असतो व पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा असतो. एकाच किलोमीटरवर विसंबू नये. रुंदीकरणात एखादा दगड हललेला असू शकतो, वळणमार्गाने अंतरही बदलते. म्हणून सरळ रस्त्यावर सलग पाच किलोमीटर मोजावे व परतीच्या वाटेने पुन्हा मोजावे. मीटरमधील शेवटचे वेगळ्या रंगाचे चाक किलोमीटरचा दहावा भाग दाखविते. त्याचा उपयोग करावा.

समजा, दगडांप्रमाणे ५ किलोमीटर झाले आणि मीटरवर ४.७ आले. ५ ला ४.७ ने भागल्यास सुमारे १.०६ येतात. मीटरवरील कोणत्याही अंतरास या संख्येने गुणले म्हणजे खरे अंतर मिळते. वरील उदाहरणातील ९४० किलोमीटरचे १,००० कसे झाले, ते यावरून ध्यानात येईल.

काट्याची पडताळणीही दगडांवरूनच करावी. वेग स्थिर ठेवून एका दगडापासून पुढील दगडापर्यंतचे सेकंद मोजावे. त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे :

१२० सेकंद : ताशी ३० किलोमीटर
९० सेकंद : ताशी ४० किलोमीटर
७२ सेकंद : ताशी ५० किलोमीटर
६० सेकंद : ताशी ६० किलोमीटर

हा कोष्टक पाठ नसल्यास ३,६०० या संख्येस सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर हा ताशी वेग होय. आता खेडोपाडी मोबाईल पोहोचला आहे व त्यातील उपग्रहावर चालणारी वेगनोंदही या कामी उपयोगी पडते. मात्र ती थोडी मागे राहते. म्हणून वेग अर्धा मिनिट स्थिर ठेवून मगच दोन्ही आकडे ताडावे. मोबाईल सोबत्याच्या हाती असावा, चालकाच्या नव्हे.

काटा थोडा अधिक वेग दाखवीत असल्यास घाबरण्याचे कारण नाही. वेगमापकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, थोडा अधिक दाखविला तरी चालेल, असेच तत्त्व नव्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्वीकारलेले आहे. कमी दाखविणारा काटा मात्र दुरुस्त झालाच पाहिजे.

फार जुन्या जीपच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी. त्यांच्या तबकड्या मैलांत आखलेल्या असतात. वजने व मापे यांविषयीचा कायदा १९५६ साली झाला व त्यानंतर दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. त्यापूर्वीचा हिशेब मैलांचाच होता. मैलांच्या तबकडीवरील ४० म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. अशी गाडी विकत घेणाऱ्याने तबकडीवरील अक्षरे आधी वाचावी, नाहीतर निर्दोष मीटरलाही दोष दिला जाईल.

तारेची तपासणी

काटा व आकडे दोन्ही बंद असल्यास पुढील क्रम पाळावा. क्रम मोडून एकदम नवी केबल विकत आणू नये.

पहिली पायरी : इंजिन बंद करून तबकडीमागे हात घालावा व मीटरला केबल जोडणारी दातेरी नळी घट्ट आहे काय ते पाहावे. खडबडीत रस्त्यावर ती सैल होते व तारेचे टोक मीटरमधून निसटते. पुष्कळदा हाताने ती आवळली की काम भागते. तिला पान्हा लावू नये.

दुसरी पायरी : ती नळी सोडवून केबलचे टोक बाहेर काढावे. गाडी सपाट जागी उभी करून गिअर मोकळा करावा व चार चाकांची जोडणी काढावी. एकाने सुकाणूशी बसावे, दोघांनी गाडी सावकाश ढकलावी व एकाने चाकाखाली घालण्यास दगड हाती ठेवावा. तारेचे टोक फिरत असल्यास तार व पिनियन चांगले आहेत, दोष मीटरमध्ये आहे. ते फिरत नसल्यास पुढील पायरीकडे वळावे. चालू इंजिनावर, चाके उचलून ही तपासणी करू नये. त्यात अपघाताचा संभव आहे.

तिसरी पायरी : आतील तार वरून ओढून बाहेर काढावी. तार अर्धवट निघाल्यास ती तुटली आहे. उरलेला तुकडा खालून काढावा. तार अखंड निघाल्यास तिची दोन्ही टोके पाहावी. चौकोनी टोक झिजून गोल झाले असेल तर ते पिनियनमध्ये नुसते घसरते.

चौथी पायरी : अखंड तारेची चाचणी घ्यावी. तिला सैल कमानीसारखी वळवून दोन्ही टोके हातांत धरावी व बोटांत सावकाश फिरवावी. चांगली तार संथपणे फिरते. मुरगळलेली तार एका जागी अडते व नंतर उसळी मारते. हीच उसळी काट्याच्या थरथरीच्या रूपाने दिसते. अशी तार सरळ करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय, ती बदलावी.

पाचवी पायरी : तार निर्दोष असून फिरत नसल्यास पिनियन पाहावे. ते काढताना पेटीतील तेल गळते; खाली भांडे ठेवावे व पिनियन बसविल्यावर तेलाची पातळी पाहावी. पिनियनचे दात झिजले असल्यास त्याच गाडीसाठीचे, तितक्याच दातांचे नवे पिनियन घ्यावे. एखादा दात कमी-अधिक असल्यास मीटर चालू होईल, पण खोटे बोलेल.

काढलेल्या तारेच्या वरच्या टोकावर पातळ तेल दिसल्यास पिनियनचे तेलबंद कडे खराब झाले आहे असे समजावे. ते न बदलल्यास तेल तारेवरून मीटरमध्ये चढते व काही दिवसांनी पाचव्या क्रमांकाचे लक्षण दिसू लागते.

तार का तुटली ते शोधावे

तार तुटणे हा रोग नसून पुष्कळदा ते रोगाचे लक्षण असते. नवी केबल घातली व महिन्याभरात तुटली, अशी तक्रार ऐकू येते व दोष दुकानदारास दिला जातो. खरे कारण तीनपैकी एक असते.

पहिले कारण, मीटरमधील दांडी जाम होणे. नवी तार घालण्यापूर्वी जुन्या तारेचा वीतभर चौकोनी तुकडा मीटरच्या छिद्रात घालून बोटांनी फिरवावा. दांडी हलकेच फिरली पाहिजे. अडत असल्यास आधी मीटर दुरुस्त करावे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळल्यामुळेच केबलमागून केबल वाया जाते.

दुसरे कारण, आवरणाचे तीव्र वळण. केबलच्या कोणत्याही वळणाची त्रिज्या १५ सेंटीमीटरपेक्षा कमी असू नये. धुराड्याच्या नळीस ती टेकू नये व सुतळीने करकचून बांधू नये.

तिसरे कारण, चिखल व पाणी. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात गाडीच्या तळाशी लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. केबलच्या खालच्या टोकाशी तिचे लिंपण बसते. आवरणास चीर असल्यास त्यातून पाणी शिरून तार गंजते. बंद उभ्या गाडीत उंदीरही आवरण कुरतडतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर केबलच्या संपूर्ण लांबीवरून हात फिरवून पाहावा.

ग्रीस बेताने लावावे

नव्या अथवा स्वच्छ केलेल्या तारेस पातळ ग्रीसचा हलका हात द्यावा. तो खालच्या दोन-तृतीयांश भागासच द्यावा. मीटरकडील सुमारे वीतभर भाग कोरडा ठेवावा. फिरत्या तारेच्या पिळाबरोबर ग्रीस वर चढते. अधिक लावल्यास ते वाटीत शिरते व काटा चिकटतो. अधिक तेल म्हणजे अधिक निगा, हा नियम येथे लागू नाही.

टायरचा परिणाम

तार मोजते ते दांड्याचे फेरे. रस्ता ती मोजत नाही. त्यामुळे मोठे टायर घातले की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते आणि मीटर मात्र पूर्वीइतकेच दाखविते. चिखलात गाडी रुतू नये म्हणून जीपला मोठे टायर घालण्याची रीत आहे. तसे केल्यास पुढील मोजणी अवश्य करावी. टायरमध्ये योग्य हवा भरावी, टायरवर खडूची खूण करावी व तिच्यासमोर जमिनीवरही खूण करावी. चाकाचे पाच पूर्ण फेरे होईपर्यंत गाडी ढकलावी. एकूण अंतरास पाचाने भागले की एका फेऱ्याचे अंतर मिळते. समजा, जुन्या टायरचे ते २२० सेंटीमीटर होते व नव्याचे २३४ भरले. ५ किलोमीटर गेल्यावर मीटर ४.७ दाखवील. वर सांगितलेल्या हिशेबातील चूक ती हीच.

मीटर त्याच गाडीचे आहे काय, हेही ढकलूनच कळते. अमेरिकी धर्तीच्या पुष्कळ मीटरांत एका मैलास तारेचे १,००० फेरे धरलेले असतात. अशा गाडीत तारेच्या मोकळ्या टोकास कागदाचे लहान निशाण चिकटवावे व गाडी १६ मीटर १० सेंटीमीटर ढकलावी. हे अंतर मैलाचा शंभरावा भाग असल्याने निशाणाचे १० फेरे व्हावयास पाहिजेत. काही मीटरांच्या तबकडीवर फेऱ्यांचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. तेथे तो आकडा प्रमाण मानावा.

मीटर घरी उघडू नये

तार, पिनियन व टायर यांपर्यंतची तपासणी शेतकऱ्यास करता येते. मीटरच्या आतील कमान व वाटी मात्र अत्यंत नाजूक असतात. काटा ओढून काढल्यास कमान वाकते व पुढे दुरुस्ती कठीण होते. हे काम मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही लष्करी तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. तो खरवडू नये व अशी तबकडी मुलांच्या हाती देऊ नये.

ट्रॅक्टरचा तासमापक

पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांतील तासमापकही अशाच तारेने फिरतो. त्याची तार चाकांकडून नव्हे, तर इंजिनाकडून येते. तारेची व ग्रीसची वरील सर्व सूचना त्यासही लागू आहे. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. असा तासमापक घड्याळाचे तास मोजत नाही. तो इंजिनाचे फेरे मोजतो आणि ठरावीक फेऱ्यांस एक तास धरतो. मिनिटास १,८०० फेऱ्यांवर बेतलेला मापक असेल व इंजिन १,२०० फेऱ्यांवर चालले, तर घड्याळातील एका तासास तो ४० मिनिटेच नोंदवितो. सहा तासांच्या कामाचे मापकावर चारच तास दिसतात. भाडे ठरविताना घड्याळाचा तास की मापकाचा तास, हे आधी बोलून घ्यावे. त्यात मालकाचे अगर भाडेकऱ्याचे कपट नसते, मापकाची ती रीतच आहे. विजेवर चालणारे तासमापक मात्र घड्याळाप्रमाणेच वेळ मोजतात.

नोंद ठेवावी

वेगमापक बंद पडल्या दिवशी तारीख व मीटरवरील आकडा वहीत लिहावा. तो दुरुस्त होईपर्यंतच्या प्रत्येक फेरीचे अंतर दगडांवरून काढून नोंदवावे, म्हणजे तेल बदलण्याची वेळ चुकणार नाही. मीटर बदलल्यास जुन्या मीटरचा शेवटचा आकडा व नव्याचा पहिला आकडा शेजारी शेजारी लिहावा. पाच आकड्यांचे जुने मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. विक्रीसाठी आकडे मागे फिरविणे ही उघड फसवणूक होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वेगमापकाची तरतूद आहे. योग्यता प्रमाणपत्रासाठी गाडी नेण्यापूर्वी तो चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एक जुनी जीप निवडून चार-पाच शेतकऱ्यांसमोर पुढील गोष्टी करून दाखवाव्या : दगडांवरून पाच किलोमीटरची पडताळणी, टायरच्या पाच फेऱ्यांची मोजणी, तारेची बोटांनी चाचणी व मीटरच्या दांडीची तपासणी. मोजपट्टी, खडू, घड्याळ, चिंधी व थोडे ग्रीस एवढेच साहित्य पुरते. शेवटी पुढील प्रश्न विचारून चर्चा घडवून आणावी.

१. आकडे सरकतात, पण काटा हलत नाही. तार बदलावी काय?
२. नवी केबल घालण्यापूर्वी मीटरची कोणती तपासणी करावी?
३. दगडांप्रमाणे १० किलोमीटर झाले व मीटरवर १०.५ आले. काटा व आकडे यांचा मेळ असल्यास दोष कोठे शोधावा?
४. तारेच्या वरच्या टोकास ग्रीस का लावू नये?

वेगमापक हा गाडीचा हिशेबनीस आहे. हिशेबनिसाची वही वर्षातून दोनदा तरी पडताळून पाहावी. एकदा पेरणीपूर्वी व एकदा रब्बीचा माल बाजारात नेण्यापूर्वी. पाच किलोमीटरच्या एका फेरीत हे काम होते. एवढे केल्यास उतारावरील धोका टळेल, इंजिनाची निगा वेळेवर राहील आणि मालक व चालक यांच्यामधील विश्वास एका तुटक्या तारेपायी तुटणार नाही.